नव्वद मीटरची चूक

नदी नव्वद मीटर चुकली होती. निदान त्या सकाळी बोटीत बसून माझं मत तसं होतं. आपण स्वतः चुकलो असू, ही शक्यता मला सुचली नव्हती. सव्वीस वर्षं मोजणीत काढली की ती सहसा सुचत नाही.

समोर लॅपटॉपवर दोन रेषा होत्या. निळी रेषा आमच्या यंत्राची. आज तलावाचा तळ कुठे किती खोल आहे, ते ती सांगत होती. लाल रेषा जुन्या नकाशावरची. धरण व्हायच्या आधी तिथली जमीन कशी होती, ते ती सांगत होती. दोन्ही रेषांमध्ये नदीची घळ स्पष्ट होती. पण निळी घळ एकीकडे आणि लाल घळ काठाच्या बाजूला, चांगली नव्वद मीटर सरकून.

आमच्या कामाला हायड्रोग्राफिक सर्व्हे म्हणतात. घरी मी "तळं मोजते" एवढंच सांगते. बोटीला खाली एक यंत्र लावतात, इको साउंडर. ते पाण्यात आवाज सोडतं. आवाज तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. बोट कुठे आहे ते जीपीएस सांगतो. तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत जायचं, वळायचं, परत यायचं. शेत नांगरल्यासारखं पाणी नांगरायचं. ऊन असतं, कंटाळा असतो आणि जेवणाचा डबा हलत असतो.

धरण भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांमधलं. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती, धरणाची नाही. नदी अडवून तलाव केलेला आणि त्याच्या पाण्यावर पायथ्याशी पॉवर हाऊस चालतं. नदी दर पावसाळ्यात डोंगरावरची माती घेऊन येते आणि ती तळाशी बसते. तो गाळ. गाळ वाढला की तलावात पाणी कमी मावतं. तो पॉवर हाऊसच्या तोंडाशी आला तर टर्बाइनची पाती झिजतात. म्हणून गाळ कुठे आणि किती, ते मधूनमधून मोजावं लागतं. जुन्या जमिनीची उंची आणि आजच्या तळाची उंची, या दोन्हींतला फरक म्हणजे गाळ. हिशेब चौथीतल्या मुलालाही येईल, फक्त जुना नकाशा आजच्या जमिनीवर बरोबर बसला पाहिजे.

त्या वर्षी घाई होती. पॉवर हाऊसच्या पाणी घेण्याच्या दाराची दुरुस्ती निघाली होती, आणि तेवढ्यासाठी मे महिन्यात पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली नेणार होते. एवीतेवी तळ उघडा पडतोय, तर गाळही काढून घेऊ, असं ठरलं. शेतकरी तो शेतात टाकायला नेतात. पोकलेन कुठे लावायचे, त्याचे पट्टे नकाशावर आम्ही आखून द्यायचे होते. आम्ही फेब्रुवारीत मोजणी करत होतो.

आता नकाशा बसवण्याबद्दल. जुना नकाशा कागदावरचा. त्यावर काही पक्क्या खुणा दाखवलेल्या असतात. त्या खुणा आज जमिनीवर शोधायच्या, त्यांवर जीपीएस ठेवायचा आणि नकाशा त्यांना टाचून टाकायचा. मला दोन खुणा मिळाल्या. एक धरणाच्या भिंतीजवळच्या खडकावर कोरलेली, तिच्याबद्दल वादच नव्हता. दुसरी वरच्या अंगाला, सहा किलोमीटरवर, बुडालेल्या गावाच्या शिवेवरचा मोजणीचा दगड. नकाशावर तो होता, पण जमिनीवर सापडेना. तिसऱ्या दिवशी काठावर एका करंजाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा दिसला. शेंदराच्या थराखाली काहीतरी कोरीव वाटलं. नारळ ठेवला, हात जोडले, माफी मागितली आणि नखानं थोडा शेंदूर खरवडला. खाली मोजणीवाल्यांचा बाण होता. जुन्या काळी सरकारी दगडावर तसाच कोरत.

मला झालेला आनंद सांगता येत नाही. आम्हा लोकांना जुना दगड सापडला की सोन्याचा हंडा सापडल्यासारखं होतं. मी तिथंच यंत्र लावलं. भिंत आणि दगड, दोन खुणांमधलं अंतर नकाशाशी थोडं जुळेना. जुना कागद आक्रसतो, असं मी स्वतःला सांगितलं. कागद आक्रसतो हे खरंही आहे. आमच्या धंद्यात कागदावर बरंच काही ढकलता येतं.

बोट दत्तूची होती. दत्तू चाळिशीचा, तलावात मासे धरणारा. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा तो तिसरीत होता. गावातले पुष्कळ लोक लांब सपाटीला जमिनी मिळाल्या तिकडे गेले. काही जणांनी इथंच वर काठाला घरं बांधली. दत्तूचं घर त्यातलं. आम्ही बोट दत्तूसकट ठरवली होती, पण पहिल्या फेरीला त्याची आई कोंडाबाईही बोटीत असायची, दुधाची रिकामी किटली मांडीवर घेऊन.

सर्व्हेच्या बोटीत बाहेरचं माणूस चालत नाही. मी पहिल्याच दिवशी दत्तूला तसं सांगितलं.

"मॅडम, म्हस पल्याडच्या गोठ्यात हाय," तो म्हणाला. "आई गेल्याबिगर ती कुनालाच दूध देत न्हाई."

"मग निदान लाइफ जॅकेट घालायला सांगा."

कोंडाबाईंनी लुगड्यावर नारिंगी जॅकेट चढवलं. सत्तरी ओलांडलेलं, काटक, चिमणीएवढं माणूस त्यात गळ्यापर्यंत बुडालं. दत्तू हसला. "हसतुयास काय," त्या म्हणाल्या, "तुज्या बापानं लग्नात बी मला यवडं जाड कापड घेतलं न्हवतं." तेव्हापासून मी त्यांना नाही म्हटलं नाही.

धार काढून त्या साडेआठच्या सुमारास परत बोटीत यायच्या. परतताना एका जागी हात वर करायच्या. दत्तू इंजिन बंद करायचा. त्या किटलीच्या झाकणात थोडं दूध घेऊन पाण्यात सोडायच्या, पाण्याला बोटं लावायच्या आणि म्हणायच्या, "चल." रोज. मला आधी राग यायचा, कारण बोट थांबली की माझी रेषा तुटायची. पण यंत्र चालूच असायचं, आणि आठवडाभरानं सगळे ठिपके एकत्र पडद्यावर आणले तेव्हा मी चाट पडले. मोकळ्या पाण्यात, जिथं खूण म्हणून एक काटकी नाही, तिथं त्यांचे सातही थांबे एका घोंगडीत मावतील एवढ्या जागेत होते.

"मावशी, जागा कशी कळते हो तुम्हाला?" मी विचारलं.

"तोरन्याचं टोक त्या खिंडीत बसलं पायजे," त्यांनी हातानं दाखवलं. "आन् ती पान्याची टाकी पिंपळाआड गेली पायजे. दोनी झालं की आलंच."

हीच आमची पद्धत. दोन रेषा जिथं कापतात तो बिंदू. मी त्यासाठी डिप्लोमा केला होता. दूध कशासाठी ते मात्र विचारलं नाही. असेल काही नवस, असं धरून चालले. लोकांच्या देवाधर्मात आम्ही पडत नाही, आणि मला रेषा पुरी करायची होती.

मग तलावाच्या वरच्या अंगाच्या रेषा काढल्या आणि नदी नव्वद मीटर चुकली. पुण्याला सरांना फोन लावला. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक.

"सर, जुन्या गावाजवळ नदी बाजूला दिसतेय. जिथं घळ हवी तिथं जमीन वर आलीय, आणि जिथं जमीन हवी तिथं घळ आहे."

"नद्या पात्र बदलतात."

"तलावाच्या खाली?"

"एखादा मोठा पूर आला असेल. जमीन वर आलीय म्हणजे गाळच ना? ड्राफ्ट शुक्रवारी द्यायचाय. पाठव."

मी पाठवला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी मला मोजता येईना आणि नदी वाकडी. ड्राफ्टमध्ये गाळ काढायचे नऊ पट्टे होते. त्यांतला सातवा जुन्या गावाच्या जागेवर, पाच मीटर जाडीचा, सगळ्यात भरघोस. पॉवर हाऊसच्या साहेबांचा लगेच फोन आला. सातव्यापासूनच सुरुवात करू, म्हणाले. खूश होते.

ही बातमी दत्तूनं घरी सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी कोंडाबाई बोटीत बसल्या त्या गप्पच. परतताना त्यांनी हात वर केला नाही. बोट त्यांच्या जागेच्या जवळ आली तेव्हा मला विचारलं, "बाय, येंत्रं कुठवर येनार?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्या दूध सोडते तितं येनार का?"

मी बघितलं. त्यांचे ठिपके सातव्या पट्ट्याच्या मधोमध होते.

"हो मावशी. तिथंच गाळ जास्त आहे. पाच मीटर."

"तितं गाळ न्हाई. तितं आमचा माळ हाय. दोनदा पानी लई आटलं तवा म्या चालून आले. गुडघाभर बी चिखल न्हवता."

"मावशी, यंत्र खोटं नाही सांगत," मी म्हटलं. आवाजात थोडी ऐट होती, हे कबूल करते.

दत्तूनं न सांगता इंजिन बंद केलं. त्यांनी झाकणात दूध घेतलं, पण सोडलं नाही. तसंच हातात धरून म्हणाल्या, "माजी लेक हाय तितं."

दत्तू इंजिनाच्या दोरीशी काहीतरी करायला लागला. दोरीला काहीही झालेलं नव्हतं.

"धा दिसांचीबी न्हवती. बारसं व्हायचं हुतं," कोंडाबाई म्हणाल्या. "तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. सासऱ्यांनी नेली. बाळंतिनीला कोन जाऊ देतंय? म्हैन्यानं उठले तवा त्येंना इचारलं, कुठं ठेवली. म्हनले, म्हसोबाम्होरं वीस पावलं, नदीच्या अंगाला. गेले आन् मोजली. मग रोजच जायची, शेन गोळा करायच्या निमतानं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पानी चढलं तवा लोकांनी दारं नेली, वासं नेलं, चुलीचं दगड बी नेलं. हिला कशी नेऊ? मग म्हनलं, असूंदे. पान्याखाली गार हाय, कुनी तुडवत न्हाई. आता येंत्रानं उकरली तर काय करू?"

मला दोन मुली आहेत, दोघींची बारशी मी थाटात केली. या बाईनं इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तलावाकडे एक झाकण दुधाएवढी जागा मागितली होती, आणि ती मी पट्ट्यात घालून ठेवली होती. काय बोलावं सुचेना. आणि असं सुचेनासं झालं की माणूस आपल्या धंद्याचं बोलतं. मी म्हटलं, "मावशी, म्हसोबापासून वीस पावलं कशी? म्हसोबा तिकडे काठावर आहे. मी स्वतः मोजलाय. इथून शंभर मीटर तरी असेल."

कोंडाबाईंनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं, नापास झालेल्या पोराकडे बघतात तसं.

"तितं तो आत्ता हाय गं पोरी. पानी चढाया लागलं तवा चौघांनी उचलून वर नेला. देवाला बुडवायचा व्हय?"

मी लॅपटॉप परत माझ्याकडे वळवला. माझं माहेर वरवे बुद्रुक. हायवे रुंद झाला तेव्हा आमच्या शिवेवरचा म्हसोबा ट्रॅक्टरमध्ये घालून आत नेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझे वडील पुढे हलगीवाल्याबरोबर चालत होते. देव हलतात, हे शहरातल्या माणसाला माहीत नसलं तर चालेल. मला माहीत होतं, आणि बाणाच्या आनंदात मी ते विसरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

नकाशातला दगड गावाच्या माळावरचा होता. मी यंत्र लावलं ते वर काठाला आणलेल्या दगडावर. म्हणजे मी सबंध जुनं गाव नदीसकट काठाच्या बाजूला ओढलं होतं. कागदावरची खोल नदी कोंडाबाईंच्या माळावर येऊन पडली होती, आणि माळ वर दिसतो म्हणून मी त्याला पाच मीटर गाळ म्हणत होते. त्या गाळाच्या नावाखाली पोकलेननं मूळची जमीन पाच मीटर उकरली असती.

पण एका आजीच्या सांगण्यावर नकाशा बदलता येत नाही. पुरावा लागतो.

"मावशी," मी विचारलं, "गावात असं काय होतं, जे कुणाला हलवताच आलं नसतं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "हीर. हीर कोन नेतंय?"

विहीर नकाशावर होती. पण ती नेमकी कुठे ते पाहायच्या आधीच मी दत्तूला म्हटलं, आई सांगेल तशी बोट ने. कोंडाबाई जॅकेटमधून मान उंच करून बसल्या. तोरण्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, मागच्या एका टेकडाकडे बघितलं. "जरा डावीकडं. आजून. आजून. वाइच मागं घे." पडद्यावर तळाची रेषा सपाट चालली होती. मग ती एकदम खाली गेली आणि लगेच वर आली. आम्ही फिरून आलो, आडवं गेलो, उभं गेलो. गोल खड्डा, बांधीव कडांचा. मी नकाशातली विहीर त्या विहिरीवर ठेवली. सगळा नकाशा पडद्यावर सरकला आणि लाल नदी निळ्या नदीत जाऊन बसली, अगदी चपखल. मी मोठ्यानं हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"काय झालं वो मॅडम?" दत्तूनं विचारलं.

"काही नाही. नदी जागेवर आहे."

"ती कुठं जानार हुती?" कोंडाबाई म्हणाल्या.

सातव्या पट्ट्याचा पाच मीटर गाळ गेला. उरला तो गुडघ्याएवढा. कोंडाबाईंनी सांगितलं होतं त्याहून थोडा जास्तच, पण त्या शेवटच्या चालून आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी त्यांनी दूध सोडलं तेव्हा मीही पाण्याला बोटं लावली. सर्व्हेच्या नियमात ते बसत नाही.

काठावर आल्यावर सरांना फोन केला.

"ड्राफ्ट मागे घ्यायचाय."

"का?"

"खुणेचा दगड जागेवर नव्हता. म्हसोबा हलला होता."

सर म्हणाले, "हे क्लायंटला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

पॉवर हाऊसमध्ये सतत एक घरघर असते. तिथं काम करणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, पाहुण्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. साहेब तिथले कार्यकारी अभियंता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शिस्तीचे. त्यांनी चहा मागवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे देव सरकला म्हणून नकाशा सरकला, आणि नकाशा सरकला म्हणून माझा गाळ गेला."

"हो सर. चूक माझी आहे. दगड मूळचा तिथलाच आहे का, हे मी विचारलं नाही."

"आकडा मी वर पाठवलाय मॅडम. आता तो परत मागायचा."

"हो."

"आणि हे सांगतंय कोण? काठावरच्या लोकांना तिथं यंत्रं नको असतील, म्हणून सांगत असतील."

मी विहिरीच्या तीन रेषा पुढे ठेवल्या. नंतर नदीच्या. अभियंत्याला अभियंत्याची भाषा कळते. त्यांनी चष्मा वर केला, रेषा बोटानं तपासल्या आणि "बरं" म्हणाले. मला वाटलं सुटले. पण त्यांचं बोट नव्या नकाशावर एका जागी थांबलं.

"सातवा पट्टा रद्द झाला ना? मग त्यात ही छोटी चौकट कशाला?"

"पोकलेन येणार नाहीत सर. पण आठव्या पट्ट्याचे डंपर तिथून जातील. सपाट माळ आहे, ते तोच रस्ता करणार."

"जाऊ देत की. कारण काय लिहायचं?"

खोटं कारण मला देता आलं असतं. माती भुसभुशीत आहे, विहिरीचा धोका आहे, असलं काहीतरी. सुचलंही होतं. पण एका चुकीची दुरुस्ती करायला आलेल्या बाईनं दुसरी करू नये. मी त्यांना कोंडाबाईंची गोष्ट सांगितली, होती तशी.

खिडकीतून टर्बाइनमधून सुटलेलं पाणी फेसाळत नदीला जाताना दिसत होतं, तिकडे साहेब बघत राहिले. मग पेन काढलं आणि चौकटीशेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'या भागातून वाहनांची ये-जा करू नये.' खाली सही केली. कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

"माझ्या आईनंही अशी दोन ठेवली होती," निघताना ते म्हणाले. "कुठं, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही."

मे महिन्यात पाणी उतरलं. मी पट्ट्यांची आखणी करून द्यायला आले. खोदाईवाले नकाशा बघत नाहीत, चुना बघतात. म्हणून चौकटीचा चुना मी स्वतः घातला. तळ उघडा पडला की सुकलेल्या चिखलाला भेगा पडतात, आणि मधेच कुणाच्या तरी घराचा चौथरा, एखादं जात्याचं पाळं, उंबऱ्याचा दगड वर आलेला असतो. कोंडाबाई दत्तूचा हात धरून आल्या. आज जॅकेट नव्हतं.

दुरुस्त नकाशावरून म्हसोबाची मूळ जागा मी यंत्रानं काढली. खाली थोडं उकरल्यावर पूर्वी दगड ज्यात बसवलेला होता तो खड्डा सापडला. भोवती चुन्याचा जुना गिलावा होता. कोंडाबाई त्या खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या, नदीच्या अंगाला तोंड केलं आणि पावलं मोजायला लागल्या. मोठ्यानं. वीसला थांबल्या. खाली बघितलं, मान हलवली.

"तवा माजी पावलं लांब हुती," असं म्हणून त्या आणखी सात पावलं चालल्या आणि बसल्या.

माझ्या हातातलं यंत्र मी तिथं नेलं. त्यांच्या दुधाच्या ठिपक्यांची घोंगडी बरोबर तिथंच होती. मी यंत्र बंद केलं. दत्तू आणि मी मागे फिरलो आणि लांब जाऊन पाठ करून उभे राहिलो. त्या किती वेळ बसल्या होत्या, ते मी मोजलं नाही.

एक काम राहिलं होतं. गाळ पुढे किती साचतो ते कळावं म्हणून मूळ जमीन जिथं नक्की माहीत असते, तिथं सिमेंटचा एक खांब रोवतात. पुढच्या वेळी पाणी उतरलं की खांब किती बुडाला ते बघायचं. अख्ख्या वरच्या अंगात मूळ जमिनीबद्दल सगळ्यात पक्की खात्री याच माळाची होती. मी खांब म्हसोबाच्या जुन्या खड्ड्यात बसवला. प्रत्येक खांबाला नाव द्यावं लागतं. एक, दोन, तीन असे आकडे दिले तरी चालतात. मी कोंडाबाईंना विचारलं.

"मावशी, तिचं नाव काय ठेवणार होता?"

मला वाटलं, आठवावं लागेल. लागलं नाही.

"सगुना," त्या म्हणाल्या. "कुनाला सांगितलं न्हाई कवा. पाळन्यात घातल्याबिगर सांगत न्हाईत."

"कागदावर लिहू?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लिव्ह."

अहवालाच्या शेवटी खांबांची यादी आहे. त्यात सहा आकडे आहेत आणि एक 'सगुणा' आहे. साहेबांनी ती यादी वाचली आणि सही केली. त्यानंतर आठवड्यानं दत्तूचा फोन आला. खांबाला कुणीतरी शेंदूर लावला होता, आणि कुणी लावला ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे पुढेमागे हाही खांब चौघं उचलून वर नेणार, यात मला शंका राहिली नाही. अहवाल अजून छापायला गेला नव्हता, म्हणून मी त्यात एक ओळ वाढवली.

धडा एवढाच आहे. जुना दगड सापडला तर यंत्र लावायच्या आधी जवळच्या घरात जावं, दिला तर चहा घ्यावा आणि विचारावं, "हा इथलाच का?" अहवालातली ओळ तीच, फक्त सरकारी भाषेत: 'खांब सगुणा वापरण्यापूर्वी तो मूळ जागी असल्याची खात्री श्रीमती कोंडाबाई अथवा त्यांच्या कुटुंबीयांकडून करून घ्यावी.' सर म्हणाले, ही टीप तांत्रिक नाही. त्यांनी ती दोनदा खोडली. मी दोनदा परत लिहिली.